उष्टा वारा

"मग चूक पात्यात नाही, तर आहे कुठे, अण्णा?"

अण्णा मेस्त्रींनी पंखा हातात घेतला, मधल्या भोकात दाभण घातलं आणि आडवा धरला. पंखा ना इकडे झुकला, ना तिकडे.

"तोल बरोबर आहे," ते म्हणाले.

"तो असणारच. मी काट्यावर तपासलाय. मिलिग्रॅमपर्यंत."

"बरं केलंस."

...

हेमांगी दोन रात्री झोपली नव्हती. तशी ती गेले चौदा महिने झोपली नव्हती, पण त्याचं श्रेय तिच्या लेकीकडे, कालिंदीकडे जात होतं. या दोन रात्री मात्र पंख्यांनी खाल्ल्या होत्या.

सतरा तऱ्हेचे पंखे, प्रत्येकी चार. पुण्याहून कापसात गुंडाळून आणलेले. एकाची टोकं मागे वळवलेली, एकाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते, एकाला दोन पाती, एकाला तीन. सगळे तिनं स्वतः आखलेले. आणि सगळे सारखेच किरकिरे.

हे पंखे बसणार होते एका ड्रोनला. घाटाखालच्या दवाखान्यातून वरच्या धनगरवाड्यात औषधाचा खोका न्यायचं काम त्या ड्रोनचं. माणसाला डोंगर चढायला तीन तास, ड्रोनला अकरा मिनिटं. पहिल्याच खेपेला त्याच्या आवाजानं शेळ्या उधळल्या आणि एक करडू दरीत गेलं. वाड्यानं बैठक घेतली. ठकूबाई येडगे म्हणून तिथली जाणती बाई, तिनं फोनवर निरोप दिला, "ताई, औषध हवंय. पण हे डोक्यात किडा शिरल्यासारखं वाजतं. मंगळवारी चार वाजता एकदा पाठवा. शेळ्या थांबल्या तर ठीक. नाही थांबल्या तर आम्ही आपले चालत येऊ, जसे येत होतो."

आज मंगळवार. सकाळचे दहा वाजले होते.

आणि ठकूबाईच्या सुनेला आठवा महिना होता. हेमांगीला हे कोणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. बोलता बोलता कळलं होतं, आणि तेव्हापासून ती मनातल्या मनात दिवस मोजत होती. ती मुळातच काळजी करणाऱ्या घराण्यातली. कालिंदी झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, आणि श्वास लागला की तिला वाटायचं, जरा जास्तच जोरात घेतेय का?

...

अण्णा सातवी शिकलेले. चाळीस वर्षं त्यांनी शिवणीच्या लाकडाची पाती तासली. छोटी विमानं उडवणारे क्लब त्यांच्याकडून पंखे घेऊन जात. त्या लोकांत एक बोलणं होतं : अण्णांनी तासलेलं पातं वाऱ्याला कळत नाही.

कॉलेजात असताना हेमांगी एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी त्यांच्या ओसरीवर बसली होती. तीन बोटं कापून घेतली आणि एकच धड पातं तासलं. अण्णांनी ते उजेडात धरून बघितलं होतं आणि "हं" म्हणाले होते. त्या एका "हं"वर ती पुढे पीएचडीपर्यंत गेली, असं म्हटलं तरी चालेल.

पीएचडी झाल्यावर तिनं अण्णांना पेढे पाठवले. प्रबंध नाही पाठवला. त्यांना काय कळणार, असं वाटलं होतं. ते आठवलं की अजूनही तिचे कान गरम होत.

आता ती परत त्यांच्याकडे आली होती, कारण घाट आणि त्याखालचा तो दवाखाना इथून जवळ होता. निदान पुण्यातल्या बरोबरच्यांना तिनं तसंच सांगितलं होतं.

आल्या दिवशीच तिनं मागच्या अंगणातली लाकडाची खोली मागून घेतली. फळ्या बाहेर काढल्या. भिंतींना काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, गोधड्या ठोकल्या, खिडकीत कापसाची गादी कोंबली, दाराच्या फटींना रबराची पट्टी चिकटवली. आवाज मोजायचा तर आधी शांतता हवी. बाहेर कावळे, काकूंचा पाटा-वरवंटा, आणि कालिंदी. कालिंदीचं रडणं तर आवाज मोजायच्या यंत्राआधी हेमांगीच्या छातीत पोचायचं, आणि ती हातातलं टाकून धावायची.

आत बसलं की काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. खोलीचा तिला अभिमान होता. खरं सांगायचं तर पंख्यांपेक्षा जास्त.

दोन दिवस ती आतच होती. काकू ताट दाराशी ठेवून जायच्या. पोरीला पाजायला तेवढी ती ओसरीवर यायची, तेव्हा रीत म्हणून अण्णा उठून परसात जायचे. रात्री ती बाहेर पडेपर्यंत अण्णा झोपलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज, तिनंच त्यांना आत बोलावलं होतं.

...

"लाव," अण्णा म्हणाले आणि भिंतीशी उकिडवे बसले.

तिनं पंखा टेबलावरच्या चौकटीला बसवला. दार ओढून घट्ट लावलं. बटण दाबलं.

पंखा फिरायला लागला. सूर एकच, स्वच्छ, लांबून मधमाशी जावी तसा. अण्णांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचं बोट गुडघ्यावरून वर उठलं. त्याच क्षणी त्या सुरात खरखर शिरली, आणि मग ती गेलीच नाही. घरघर, किरकिर, तीच ती. पंख्याची उचलायची ताकद, म्हणजे उचल, दाखवणारा आकडा वर-खाली नाचायला लागला.

"बघितलंत?" हेमांगी म्हणाली. "हे असं. सगळ्यांचं हेच."

"दुसरा लाव."

तिनं दुसरा लावला. स्वच्छ सूर. अण्णांचं बोट वर. घरघर.

"तिसरा."

पुन्हा तेच.

चौथ्याला तिनं घड्याळ बघितलं. बोट नवव्या सेकंदाला वर गेलं. पाचव्याला दहाव्या. सहाव्याला परत नवव्या.

"अण्णा, तुम्ही मोजताय?"

"नाही. ऐकतोय."

...

"तुझ्या त्या कॉम्प्युटरवर हे कुठं दिसतं?" अण्णांनी विचारलं.

हेमांगीनं आलेख उघडला. अण्णा वाकून बघत राहिले. तिनं वर नेलं, खाली नेलं, मोठं केलं. स्वच्छ सूर कुठेच नव्हता. आलेख पहिल्यापासून घरघरीतच सुरू होत होता.

"सुरुवात कुठाय?"

"ही काय. एकविसाव्या सेकंदापासून."

"आणि आधीचे वीस?"

"ते धरत नाहीत, अण्णा. पंखा तेव्हा स्थिरावलेला नसतो. वीस सेकंद सोडायचे आणि मग मोजायला घ्यायचं. शिकवतातच तसं."

"सोडलेले कुठं ठेवतेस?"

"ठेवत नाही. आपोआप पुसले जातात. मीच तशी सोय केलीय."

अण्णांनी हळहळून मान हलवली. पातेल्यातलं दूध मांजरानं सांडावं तशी.

"गोड होते गो ते," ते म्हणाले.

हेमांगीला राग आला. कोणाचा, ते तिला नक्की सांगता आलं नसतं. तिनं या खोलीत दोन दिवस घातले होते, सतरा पंखे घासून, पुसून, मोजून. आणि हे गृहस्थ तासाभरात येऊन टाकलेल्या वीस सेकंदांबद्दल हळहळत होते.

"अण्णा, सहा तास राहिलेत. गोड-कडू नका सांगू. नेमकं काय ते सांगा."

अण्णा उठले. बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांची मूठ वळलेली होती.

"दार लाव," ते म्हणाले. "नीट लाव. तुझी ती पट्टी दाबून."

तिनं पट्टी दाबली.

"लाव पंखा."

पंखा फिरायला लागला. अण्णांनी मूठ पंख्याच्या पुढे, वारा जात होता तिकडे, हळूच उघडली. रंध्याखालचा बारीक भुस्सा होता. तो समोरच्या भिंतीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

"अण्णा, सगळं यंत्र साफ करावं लागेल आता."

अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं.

...

हेमांगी पंख्याच्या मागे उभी होती. आधी तिच्या मानेवर काहीतरी पडलं. मग केसांत. मग डोळ्यात. ती डोळा चोळत वळली. भुस्सा तिच्या पाठीमागून येत होता. छपराखालून उतरून, गोधड्यांच्या कडेकडेनं, तिच्या खांद्यावरून पुढे होऊन तो पुन्हा पंख्यात शिरत होता.

त्याच वेळी सुरात खरखर शिरली.

तिनं बटण बंद केलं. पंखा थांबला तरी भुस्सा थोडा वेळ गोल गोल फिरत राहिला.

"पुढे टाकला होता मी," अण्णा म्हणाले.

"हो."

"मागून आला."

"हो..."

"एकदा खाऊन सोडलेला वारा आहे हा. तोच ढवळलेला, तोच चिवडलेला, परत त्याच्या पानात वाढतेस तू. उष्टं वाढलं तर कोणीही कुरकुर करील. पंख्यानं का करू नये?"

हेमांगी स्टुलावर बसली.

वाईट हे, की तिला हे माहीत होतं. बंद खोलीत वारा फिरून येतो आणि पंख्याला छळतो, यावर तिच्या पुस्तकात चार पानं होती. ती पानं तिनं फळ्यावर बाण काढून दुसऱ्यांना शिकवलीही होती. फक्त ती पानं मोठ्या प्रयोगशाळांसाठी लिहिलेली आहेत, गोधड्यांच्या खोलीसाठी नाहीत, असं तिनं आपलं धरून ठेवलं होतं. आणि ज्या नऊ-दहा सेकंदांत पंखा ताजा वारा खात होता, खरं बोलत होता, तेच ती रोज पुसत आली होती.

"ऊठ," अण्णा म्हणाले. "दार उघड."

"बाहेरचा आवाज आत येईल, अण्णा."

"येईल."

"कावळे आहेत. काकू वाटण वाटतायत."

"वाटू दे. जेवायचं नाही तुला?"

"मग मी मोजू काय?"

"पंखा."

...

रबराची पट्टी निघताना चामडं फाटल्यासारखा आवाज आला. अण्णांनी खिडकीतली गादी ओढून काढली. मग दोघांनी मिळून टेबल फिरवलं, पंख्याची पाठ खिडकीकडे, तोंड दाराकडे. आता पंख्यानं सोडलेला वारा सरळ अंगणात जाणार होता आणि मागून नवा येणार होता.

बाहेरचं सगळं एकदम आत आलं. कावळे आले. वरवंटा आला. कालिंदी स्टीलच्या डब्यावर चमचा बडवत होती, ते आलं. हेमांगीचे पाय सवयीनं दाराकडे वळले. मग पोरगी हसतेय हे लक्षात आलं आणि ते थांबले.

तिनं बटण दाबलं.

नऊ. दहा. अण्णांचं बोट गुडघ्यावरच होतं. वीस. तीस. बोट हललं नाही. मधमाशी लांबून जातच राहिली. उचलीचा आकडा एका जागी बसला, शहाण्या पोरासारखा.

तिनं आलेख बघितला. इथे कावळा, तिथे डबा, मधे वरवंट्याची लय. आणि त्या सगळ्यांच्या खाली दबकून बसलेली एक बारीक रेघ... तिचा पंखा.

खोलीतला गोंगाट वाढला होता आणि पंख्याचा आवाज कमी झाला होता.

ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मग अण्णांकडे बघितलं. ते गादीतून सुटलेला कापूस परत आत कोंबत होते, जसं काही तेच मुख्य काम होतं.

...

दुपारपर्यंत सतराही पंखे पुन्हा फिरले. आता कुठे कळलं, की ते सतरा आहेत. प्रत्येकाचा सूर वेगळा. कोणी शिटी मारत होता, कोणी नुसता श्वास सोडत होता. दोन दिवस ते सारखे वाटत होते, कारण सगळे एकाच पानातलं उष्टं खात होते.

"अण्णा, यातला कुठला? तुम्ही सांगा."

"मी धनगरवाड्यात राहत नाही."

"मीही नाही."

"मग जा थोडी तिकडे. इथं पंख्याला नाक लावून ऐकतेस. शेळी कुठून ऐकते?"

हेमांगी विहिरीपलीकडे बांधावर जाऊन उभी राहिली.

"खाली बस," दारातून अण्णा ओरडले. "शेळीएवढी हो."

पीएचडी झालेली हेमांगी बांधावर शेळीएवढी होऊन बसली. काकूंनी पाट्यावरचा हात थांबवून बघितलं आणि कालिंदीला म्हणाल्या, "बघ, तुझी आई गवत खातेय."

अण्णा एकेक पंखा लावत होते. तिनं खोलीकडे पाठ केली होती, म्हणजे कुठला लावला ते दिसू नये. काही पंखे सुरू झाले की मान आपोआप वळायची. काहींना खांदे आखडायचे. एकदा ती वाट बघत बसली, बसली, आणि शेवटी ओरडली, "लावा ना अण्णा, थांबलात का?"

"केव्हाचा फिरतोय," अण्णा म्हणाले.

सहा नंबरचा होता. त्याच्या पाकिटावर तिनं पहिल्याच दिवशी लाल पेननं लिहिलं होतं : नापास.

...

चारला दहा कमी असताना ड्रोन अंगणातून उठला. खोक्यात दवाखान्यातून आणलेल्या लसी होत्या, सापाच्या विषावरचं औषध होतं, आणि ठकूबाईच्या सुनेच्या रक्तवाढीच्या गोळ्या. हेमांगीनं पडद्यावर नजर ठेवली. अण्णांनी आभाळाकडे बघितलंच नाही. ते मान खाली घालून ऐकत होते. ड्रोन फणसाच्या झाडापुढे गेला आणि आवाज येईनासा झाला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

अकरा मिनिटं. मग पडद्यावर वाड्याचं माळरान, शेळ्यांचे ठिपके, आणि खोका खाली.

ठिपके हलले का? पडद्यावरून कळेना. हेमांगीनं कालिंदीला इतकं घट्ट धरलं, की पोरीनं तिच्या हाताला चावून सुटका करून घेतली.

फोन वाजला.

"ताई, आलं तुमचं," ठकूबाई म्हणाली.

"शेळ्या?"

"शेळ्यांनी माना वर केल्या. बघितलं. परत चरायला लागल्या. एक बोकड तेवढा अजून बघत उभा हाय, पण तो कशालाबी बघतो."

"मग... वाडा काय म्हणतोय?"

"काय म्हणणार? पुढच्या मंगळवारी पाठवा म्हणतोय. आन् सुनेच्या गोळ्या कशाबरोबर घ्यायच्या ते जरा सांगा, चिठ्ठी कुणाला वाचता येईना."

हेमांगीनं सांगितलं. दोनदा सांगितलं, मग तिसऱ्यांदा. फोन ठेवला आणि ओसरीच्या पायरीवर बसली. तिच्या केसांत अजून भुस्सा होता आणि मांडीवर कालिंदी, तो एकेक कण वेचत.

समोर अण्णा पटाशीला धार लावत होते. दगडावर एकदा इकडून, एकदा तिकडून. तिला वाटलं, आपण पुढची दहा वर्षं अभ्यास केला, तरी या माणसाच्या गुडघ्यावरच्या बोटाएवढं आपल्याला ऐकू येणार नाही. आणि असं वाटून वाईट वाटायच्या ऐवजी तिला बरं वाटलं.

"अण्णा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला हे आज कळलं?"

"नाही. तू खिडकीत गादी कोंबलीस ना, तेव्हा."

"म्हणजे परवाच?"

"परवाच."

बरं वाटणं थोडं मागे सरलं. दोन दिवस... दोन रात्री... पाठीला आलेली ती रग.

"तर मग सांगितलंत का नाही?" ती म्हणाली. "माझी परीक्षा बघत होतात?"

"छे गो."

"मग?"

अण्णांनी पटाशीची धार अंगठ्यावर बघितली.

"हाक मारली होती," ते म्हणाले. "दोनदा."